दिवाळीचा बाजार



पाऊस सरला. बाजरी, सोयाबीन घरात आले. भिंती सारवून झाल्या. अंगणात झेंडू फुलला. आता दिवाळी तोंडावर आली.

दिवाळी म्हटली की बाजार आला. वर्षभर आपण बाजाराला जातोच. मीठ-मिरची आणतो, भाजी आणतो. पण दिवाळीचा बाजार निराळा. ह्या बाजाराला घरातले सगळेच निघतात. आजी म्हणते, "मला लुगडं बघायचंय." धाकटा म्हणतो, "मला टिकल्या पाहिजेत." घरधनीण म्हणते, "तेल-गूळ आधी, बाकीचं मागनं." आणि घरधनी खिशावर हात ठेवून गप्प बसतो!

हसू नका. घरोघरी हेच चालते. सण आनंदाचा आहे. पण सणाचा बाजार नीट केला नाही तर आनंद चार दिवसांचा आणि देणे वर्षाचे होते. म्हणून ह्या पाठात आपण दिवाळीच्या बाजाराचा विचार करू. तुम्ही आता वाचायला शिकलात. हे वाचन बाजारात कसे कामी येते, तेही पाहू.

१. आधी घरात बसा, मग बाजारात जा

बाजाराची सुरुवात बाजारात होत नाही. ती घरात होते. बाजाराच्या आदल्या रात्री जेवणे झाली की सगळ्यांनी एकत्र बसावे. हाती पैसे किती आहेत ते आधी मोकळेपणाने सांगावे. पुष्कळ घरांत हे फक्त घरधन्याला ठाऊक असते. मग बायको-मुले मागत राहतात आणि तो चिडत राहतो. आकडा सगळ्यांना कळला की मुलेसुद्धा समजुतीने वागतात. हा आमचा अनुभव आहे.

मग यादी लिहावी. ती घरातल्या नवशिक्या माणसाने लिहावी. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

एक उदाहरण घेऊ. घरात पाच माणसे आहेत. नवरा, बायको, आजी, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. हाती ६,००० रुपये आहेत. त्यांनी अशी यादी केली:

किराणा (रवा, बेसन, पोहे, साखर, गूळ, तेल) – १,८०० रुपये
दोन्ही मुलांचे कपडे व आजीचे लुगडे – २,४०० रुपये
पणत्या, रांगोळी, केरसुणी, लाह्या-बत्तासे, फुले – ३०० रुपये
उटणे, साबण, अंगाला लावायचे तेल – १५० रुपये
आकाशकंदिलाचा कागद व काड्या – १०० रुपये
भाऊबीजेची ओवाळणी – ५०० रुपये
एस.टी.चे भाडे व मुलांचा खाऊ – २५० रुपये

एकूण – ५,५०० रुपये
शिल्लक – ५०० रुपये

हे आकडे नुसते नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ओवाळणी आणि एस.टी.चे भाडे लोक यादीत धरतच नाहीत. मग तेच पैसे शेवटी कमी पडतात. दोन, यादीच्या तळाशी थोडी शिल्लक ठेवली आहे. दिवाळी झाली की लगेच रब्बीची पेरणी असते. बी-बियाणे लागते, मुलांची फी असते. सणाने घर पुसून नेता कामा नये. तीन, मुलगा आणि मुलगी ह्यांच्या कपड्यांना सारखाच पैसा धरला आहे. मुलाला नवा सदरा आणि मुलीला मावशीकडचा जुना परकर, असे करू नका. मुलगी बोलत नाही, पण तिला कळते.

२. काय कधी लागते?

दिवाळीचा माल एकदम आणायची गरज नसते. सण क्रमाने येतो. त्या क्रमाने यादी केली म्हणजे विसर पडत नाही.

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस. त्या दिवशी गाय-वासराची पूजा. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. तिला धने आणि गूळ लागतो. पुढे नरकचतुर्दशी. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला तेल, उटणे आणि पुष्कळ ठिकाणी कारीट लागते. अमावास्येला लक्ष्मीपूजन. त्याला लाह्या, बत्तासे, झेंडू आणि नवी केरसुणी. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाडवा आणि द्वितीयेला भाऊबीज.

फराळाला वेळ लागतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात. चकलीची भाजणी भाजून गिरणीवर न्यावी लागते. म्हणून किराणा आधीच्या आठवड्याच्या बाजारात आणावा. तेव्हा गर्दी कमी असते आणि दुकानदारालाही बोलायला सवड असते. फुले मात्र शेवटच्या दिवशीच घ्यावीत. झेंडू आधी आणला तर सुकून जातो.

३. आपल्या बाजारात कोण बसते?

आता जरा बाजारातून चक्कर मारू.

वेशीपाशी कुंभारीण पणत्या मांडून बसली आहे. पलीकडे बुरूड सुपे-टोपल्या घेऊन बसला आहे. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या उभ्या केल्या आहेत. शेजारच्या वाडीचा शेतकरी झेंडूची रास घालून बसला आहे. बचत गटाच्या बाया भाजणी, उटणे आणि चिवडा विकत आहेत. ही सगळी माणसे आपल्याच पंचक्रोशीतली. त्यांची दिवाळीसुद्धा ह्याच बाजारावर आहे.

कुंभाराचे पाहा. वर्षभर माठ, पणत्या, बोळकी किती खपणार? त्याचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळ्यात माठ आणि दिवाळीत पणत्या. पूर्वी गावात बलुतेदारी होती. कुंभाराला सुगीत धान्य मिळे. त्या पद्धतीत पुष्कळ अन्याय होता. ती गेली हे बरेच झाले. पण तिच्याबरोबर त्याचे ठरलेले गिऱ्हाईकही गेले. आता त्याला रोख पैशावर जगायचे आहे.

आपण कुंभारणीला शंभर रुपये दिले. त्यातले पन्नास तिने झेंडूवाल्याला दिले. झेंडूवाल्याने त्याचे तेल घेतले, ते गावातल्या वाण्याकडून. वाण्याने त्यातून गावच्या शिंप्याची शिलाई दिली. एकच नोट चार घरांत दिवा लावून गेली. तोच पैसा लांबच्या मोठ्या शहरात गेला असता तर पुन्हा आपल्या वेशीत किती आला असता? ह्याचा विचार करा.

जवळच्या माणसाचा आणखी एक फायदा आहे. माल खराब निघाला तर त्याला पुढच्या बाजारी गाठता येते. तोही आपले तोंड ओळखतो. त्यालाही अब्रू आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केवळ जवळचा म्हणून वाईट माल घेऊ नका. पणती हातात घ्या, बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली आहे. बद्द आवाज आला तर कच्ची किंवा तडकलेली असेल. चांगला माल चांगल्या भावाने घ्यावा. त्यात दोघांचाही मान राहतो.

सगळेच काही आपल्या गावात होत नाही. सोलापूरची चादर, इचलकरंजीचे कापड, कोल्हापूरचा गूळ ह्या गोष्टी बाहेरून येतात. येऊ द्या. त्याही आपल्यासारख्याच हातांनी केलेल्या आहेत. कोल्हापुरी चपलेला तर २०१९ साली सरकारी नोंद मिळाली. ठरलेल्या जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. अशा नावाचा माल घेताना तो खराच तिकडचा आहे का, हे विचारावे.

४. भाव कसा करावा?

भाव करणे काही पाप नाही. पण त्याला रीत आहे.

पहिल्या दुकानात घेऊ नये. तीन ठिकाणी विचारावे. "काय भाव लावलाय, मावशी?" असे गोड बोलून विचारावे. भाव कळला की पुढे जावे. कुणी काही म्हणत नाही.

कापड घेताना नुसता मीटरचा भाव पाहू नये. पन्हा पाहावा. पन्हा लहान असेल तर कापड जास्त लागते. मग स्वस्त कापड महाग पडते. मुलांचे कपडे थोडे सैल घ्यावेत. लहान मूल एका वर्षात पुष्कळ वाढते.

आणि एक सांगणे आहे. काचेच्या मोठ्या दुकानात आपण लिहिलेली किंमत मुकाट्याने देतो. बाहेर येऊन पणतीवाल्या म्हातारीशी मात्र दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. हे बरे नव्हे. आम्हीही पूर्वी असे करीत होतो. एकदा आमच्या नातीनेच विचारले, "आजोबा, त्या दुकानात का नाही भांडला?" आम्हाला उत्तर आले नाही.

५. वजन आणि माप

आपल्या बोलण्यात अजून शेर, पायली, मापटे असे शब्द येतात. ते शब्द गोड आहेत. पण प्रत्येक भागाची पायली निराळी असे. त्यामुळे गरीब माणूस फसत असे. म्हणून १९५६ साली सरकारने देशभर एकच माप असावे असा कायदा केला. पुढे टप्प्याटप्प्याने किलो, लिटर आणि मीटर आले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. सध्या वजन-मापांसाठी २००९ सालचा वैध मापन कायदा आहे.

बाजारात एवढे पाहा:

तराजू रिकामा असताना दोन्ही पारडी सारखी आहेत का? विजेचा काटा असेल तर माल ठेवण्याआधी त्यावर शून्य आहे का?

लोखंडी वजन उलटे करून पाहा. त्याच्या खळग्यात शिसे भरलेले असते आणि त्यावर सरकारी छाप असतो. लोखंडी वजने दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. दगडाचे किंवा विटेचे वजन वापरणे गुन्हा आहे.

मिठाई घेताना खोके वेगळे वजन करायला सांगा. आपण मिठाईचे पैसे देतो, पुठ्ठ्याचे नव्हे. समजा, मिठाई ६०० रुपये किलो आहे आणि खोके ५० ग्रामचे आहे. खोक्यासकट वजन केले तर ३० रुपये पुठ्ठ्याला गेले! तोलताना खोके धरू नये, असाच नियम आहे. शांतपणे म्हणावे, "शेठ, खोक्याचं वजन वगळा." भांडायचे कारण नाही.

६. पुडक्यावरची अक्षरे वाचा

आता तुमच्या वाचनाची खरी परीक्षा. बंद पुडक्यावर पुष्कळ बारीक अक्षरे असतात. ती सगळी वाचायला नकोत. पण ह्या पाच गोष्टी वाचायच्याच.

पहिली, निव्वळ वजन. म्हणजे आतल्या मालाचे वजन. तेलाची पुडकी दिसायला सारखी असतात. पण एकात ९१० ग्राम असते, दुसऱ्यात ८५० ग्राम असते. समजा, एक किलो तेल १५० रुपयांना आहे आणि ८५० ग्रामचे पुडके १३२ रुपयांना आहे. पुडके स्वस्त वाटते. पण हिशेब केला तर त्याचा भाव किलोला सुमारे १५५ रुपये पडतो. म्हणजे महाग कोणते? तुम्हीच सांगा.

दुसरी, छापील किंमत. हिच्यात सगळे कर आलेले असतात. दुकानदाराने हिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता कामा नये. कमी मात्र घेता येतो. म्हणून छापील किमतीच्या मालाचाही भाव विचारायला हरकत नाही.

तिसरी, तारीख. माल कधी बांधला आणि कधीपर्यंत चांगला राहील, ते लिहिलेले असते. सणात जुना माल स्वस्तात काढतात. तो पाहून घ्यावा.

चौथी, खाण्याच्या मालावरचा परवान्याचा १४ आकडी क्रमांक.

पाचवी, खूण. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर माल शाकाहारी.

बहुतेक पुडक्यांवर ही अक्षरे इंग्रजीत असतात. त्याला घाबरू नका. आकडे ओळखू आले तरी अर्धे काम झाले. नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीला जवळ घ्या. ती वाचील, तुम्ही हिशेब करा.

खव्याची काळजी निराळी. दिवाळीत खवा फार खपतो. मग काही लोक त्यात पिठूळ पदार्थ मिसळतात. खवा चिमूटभर घ्या, थोड्या पाण्यात उकळा, गार होऊ द्या. त्यात जखमेवर लावतात त्या आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर पिठाची भेसळ आहे. तपासलेला खवा टाकून द्यावा, खाऊ नये.

७. मुले आणि म्हातारी माणसे

दिवाळीच्या बाजाराला मुलांना जरूर न्यावे. बाजार ही मोठी शाळा आहे. तिथे वजन आहे, हिशेब आहे, माणसांशी बोलणे आहे. पण गर्दीत काळजी घ्यावी.

सकाळी लवकर निघावे. न्याहारी करून निघावे. उपाशी मूल दिसेल ते मागते. पाण्याची बाटली बरोबर असावी. लहान मुलाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तीवर घरच्या माणसाचे नाव, गाव आणि फोनचा नंबर लिहावा. ही चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहा. तुम्ही शिकल्याचा ह्याहून चांगला उपयोग कोणता?

बाजारात शिरतानाच एक जागा ठरवावी. "चुकामूक झाली तर मारुतीच्या देवळापाशी थांबायचं, दुसरीकडं हिंडायचं न्हाई," असे मुलांना दोनदा सांगावे. आजीला सावलीत बसवावे. तिच्यासाठी चार लुगडी तिथेच आणून दाखवावीत. पण पसंती तिचीच असावी.

मुलाच्या हाती वीस-तीस रुपये द्यावेत. काय घ्यायचे ते त्याला ठरवू द्यावे. परत आलेले पैसे त्याला मोजू द्यावेत. एकदा पैसे संपले की पुन्हा देऊ नयेत. पोराला पैशाची किंमत कळते ती अशी.

खर्च न होणारी मजाही पुष्कळ आहे. कामट्या आणि रंगीत कागद आणून आकाशकंदील घरी करावा. मुले मातीचा किल्ला करतात. त्यासाठी मातीचे मावळे कुंभाराकडून घ्यावेत.

फटाके घेतलेच तर थोडे घ्यावेत. मुलांना एकटे सोडू नये. अंगात सुती कपडे असावेत. जवळ पाण्याची बादली असावी. गंजीजवळ, गोठ्याजवळ फटाके उडवू नयेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली. आपल्याकडे जी वेळ सांगितली जाईल ती पाळावी. गोठ्यातले जनावर बोलून दाखवत नाही, पण आवाजाने तेही भिते.

८. रोख, फोन आणि हप्ता

पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. दोघांनी वाटून घ्यावेत. भाड्याचे पैसे वेगळे बांधावेत.

आता बाजारात फोननेही पैसे देतात. भाजीवालीपाशीसुद्धा चौकोनी खुणेचा कागद लावलेला असतो. सोय चांगली आहे. पण एक नियम पाठ करा: पैसे देताना गुप्त आकडा घालावा लागतो. पैसे घेताना कधीच घालावा लागत नाही. "तुम्हाला दिवाळीचे बक्षीस लागले आहे, आकडा टाका," असे कुणी फोनवर सांगितले तर तो चोर समजावा. पैसे पाठवण्याआधी समोर आलेले नाव आणि रक्कम वाचावी. हा गुप्त आकडा दुकानदाराला, पाहुण्याला, कुणालाच सांगू नये.

हप्त्याचेही असेच. समजा, एक वस्तू रोखीने १२,००० रुपयांना आहे. दुकानदार म्हणतो, "आता फक्त २,००० द्या. मग महिन्याला १,१०० द्या, बारा महिने." ऐकायला सोपे वाटते. पण बेरीज करा. १,१०० गुणिले १२ म्हणजे १३,२००. त्यात २,००० मिळवा. झाले १५,२०० रुपये. म्हणजे ३,२०० रुपये जास्त. ती वस्तू गरजेची असेल तर अवश्य घ्या. पण आकडा माहीत करून घ्या.

९. उधारी: आमच्या आईची गोष्ट

उधारीविषयी उपदेश करण्यापेक्षा आम्ही आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आमची आई निरक्षर होती. वाण्याकडून माल उधारीवर येई. आई त्याचा हिशेब भिंतीवर ठेवी. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. किलोभर साखर आणली की उभी रेघ. पावशेर तेल आणले की आडवी रेघ. तिचा हिशेब चोख होता. ती रोज त्या रेघा बोटाने मोजायची.

एका वर्षी दिवाळीआधी घर सारवायला काढले. आई रानात गेली होती. आत्याने हौसेने सगळ्या भिंतींना पांढरी माती दिली. चुलीमागची भिंतसुद्धा पांढरीशुभ्र झाली. आई संध्याकाळी आली. ती भिंतीपुढे उभी राहिली. आत्याला काही बोलली नाही. नुसता भिंतीवरून हात फिरवला.

पाडव्याला वाणी नवी वही घालतात. त्याआधी जुने देणे चुकते करायचे असते. आई आम्हाला घेऊन दुकानात गेली. वाण्याने वही उघडली आणि आकडा सांगितला. आई म्हणाली, "इतकं न्हाई व्हायचं, अण्णा." वाणी म्हणाला, "बाई, वहीत लिहिलंय." आईने अंगठा पुढे केला.

आम्ही तेव्हा तिसरीत होतो. आईचा पदर धरून उभे होतो. आम्हाला अक्षरे येत होती, बेरीज येत होती. "वही इकडे दाखवा," एवढे म्हणण्याचा धीर आम्हाला झाला नाही.

ती वही खोटी होती, असे आम्ही आजही म्हणत नाही. ती खरीही असेल. पण ती आमच्यापैकी कुणी वाचली नाही. पुढे आम्ही कितीतरी वर्षे शाळेत शिकवले. बेरीज-वजाबाकी शिकवताना ते दुकान डोळ्यांपुढे यायचे.

घरी आल्यावर आईने आमच्या जुन्या वहीची कोरी पाने सोडवली. ती सुईदोऱ्याने शिवली. म्हणाली, "आता रेघ भिंतीवर नको. तू लिही." त्या दिवसापासून घरची वही आम्ही लिहू लागलो. वाणी तोच होता, आईही तीच होती. पण पुढच्या दिवाळीला दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, आणि दोघांचे बोलणे निराळे झाले.

म्हणून सांगतो, शक्यतो उधारी नको. करावीच लागली तर ती दोन्हीकडे लिहिलेली असावी. न वाचता सही करू नये. वाचायला वेळ लागला तरी लाजू नये. दुकानदार थांबेल. न थांबला तर दुसरे दुकान आहे.

१०. पावती आणि तक्रार

मोठी वस्तू घेतली की पावती मागा. पावती म्हणजे तुमचा पुरावा. दिवा, मिक्सर, कपडे, चपला, काहीही असो. पावती घरात एका डब्यात ठेवा. मागूनही पावती न देणे ही कायद्याने गैर गोष्ट आहे.

काही दुकानांत पाटी असते: "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी पाहून गप्प बसू नका. आवडला नाही म्हणून माल परत करणे वेगळे. पण मालच सदोष निघाला तर तो परत घ्यायला नकार देणे गैर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसे म्हटले आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांची मुदत धरतात.

आधी दुकानदाराशी नीट बोला. दहांपैकी पुष्कळ वेळा तिथेच काम होते. नाही झाले तर १९१५ ह्या नंबरावर फोन करा. तो राष्ट्रीय ग्राहक मदतीचा नंबर आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग असतो. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. वजनात लबाडी असेल तर वैध मापन खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते.

शेवटी

बाजार झाला. पिशव्या भरल्या. परतीच्या गाडीत धाकटा आजीच्या मांडीवर झोपला. घरी आल्यावर यादी पुन्हा काढा. कशाला किती लागले ते समोर लिहा. बेरीज करा. चुकली तर पुन्हा करा.

पाडव्याला वाणी वहीची पूजा करतो. ह्या पाडव्याला तुम्हीही एक वही घाला. दहा-वीस रुपयांची साधी वही पुरे. तिला हळदकुंकू लावा. पहिल्या पानावर तारीख घाला, आणि घरातल्या ज्या माणसाने ह्या वर्षी अक्षर गिरवले, त्याच्या हाताने पहिली ओळ लिहू द्या.

भिंत दरवर्षी सारवली जाते. वही राहते.

शब्दांचे अर्थ

पन्हा – कापडाची रुंदी
निव्वळ वजन – वेष्टन सोडून आतल्या मालाचे वजन
शिल्लक – खर्च होऊन उरलेली रक्कम
पंचक्रोशी – आजूबाजूचा मुलूख
सदोष – खोट असलेला
चुकते करणे – देणे पुरे फेडणे

प्रश्न

१. यादीत एस.टी.चे भाडे आणि ओवाळणी का धरावी?
२. मिठाई ८०० रुपये किलो आहे. खोके ५० ग्रामचे आहे. खोक्यासकट वजन केले तर किती रुपये जास्त जातील?
३. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर तुम्ही काय म्हणाल?
४. फोनवर पैसे घेताना गुप्त आकडा घालावा लागतो का?
५. आईने भिंतीवरून हात फिरवला, तेव्हा तिच्या मनात काय आले असेल? तुमच्या शब्दांत सांगा.

करून पाहा

घरातले कोणतेही एक पुडके घ्या. त्यावरचे निव्वळ वजन, छापील किंमत आणि तारीख शोधून पाटीवर लिहा. मग ह्या दिवाळीची यादी घरच्या सर्वांना विचारून लिहा आणि पुढच्या वर्गाला बरोबर आणा.